रांगणाऱ्या गाडीची खांदशेकणी

आमच्या घरात जळण्याला कधी तोटा नव्हता. सकाळी आई सडा टाकायला दार उघडायची तेव्हा ओट्यावर कोणीतरी मोटार मांडीशी घेऊन बसलेलं असायचंच. ‘भाऊ, जयाली पाहा,’ म्हणजे जळाली, एवढंच तो म्हणायचा, आणि बाबा नाक जवळ नेऊन नुसता वास घ्यायचे. विहिरीवरची असो की पिठाच्या गिरणीची, जळलेल्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की माणूस चुकत नाही. संग्रामपुरात बाबांचं मोटारी भरायचं दुकान होतं. भरायचं म्हणजे जळालेली तार उपसून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालून मोटार पुन्हा चालती करायची. दुकान म्हणजे तरी काय, घराचीच पुढची खोली. तिला रस्त्याकडून शटर आणि स्वयंपाकघराकडून पडदा. पडद्याच्या अलीकडे फोडणी, पलीकडे वार्निश, आणि या दोन वासांच्या मधोमध मी वाढले. अजूनही कोणाकडे ठेच्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की मला वाटतं, जवळच कुठेतरी मोटार वाळायला ठेवली आहे.

दुकानात माझी एक जागा ठरलेली होती. भिंतीपाशी हातानं फिरवायचं कॉइलचं मशीन होतं, त्याच्या हँडलपाशी. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, गूळ-पोळीचा तुकडा तोंडात कोंबायचा आणि हँडल धरायचं. बाबा फार कमी बोलत. गिऱ्हाइकाशी कामापुरतं, आईशी त्याहून कमी, आणि माझ्याशी फक्त आकड्यांत. ते वेढ्यांचा आकडा सांगायचे, मी तेवढे फिरवून ‘झाले’ म्हणायचे, ते पुढचा आकडा सांगायचे. लोकांना हे बोलणं वाटणार नाही, मला वाटायचं. मोठी कॉइल असली की उजवा खांदा भरून यायचा, पण मी हात बदलला नाही. बाबांचा एक नियम होता. मोटारीतून निघालेलं जुनं सामान, जळकी तार असो की झिजलेला बुश, पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचं. ‘जुनं ज्याचं त्याले,’ ते म्हणायचे. तालुक्यात असं करणारे ते एकटेच असावेत.

दुकान टाकायच्या आधी बाबांकडे बैलजोडी होती. मी ती पाहिलेली नाही. दुकानात जीव रमला तसे ते बैल त्यांनी चांगल्या घरी दिले, पण पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदशेकणी काही त्यांच्या हातातून सुटली नाही. आमच्या वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. तूप गरम करून त्यात हळद कालवायची, पळसाच्या पानानं जुवाखाली कष्टलेल्या खांद्याला चोळायची आणि बैलाला हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. घरात बैल नाही म्हटल्यावर बाबांनी काय करावं? मी हँडल धरायला लागले त्या वर्षी ते वाटी घेऊन माझ्याकडे आले, माझ्या उजव्या खांद्याला पळसाचं पान लावलं आणि हात जोडले. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ आई पडद्याआड हसून हसून वाकली. वर्षभर मला ‘काय वं’, ‘ए पोरी’ म्हणणारा माणूस त्या एका संध्याकाळी मला ‘घ्या’ आणि ‘या’ म्हणाला. मग तो रिवाजच पडला. मी मोठी होत गेले तशी ‘काय बाबा, मी बैल हाय काय!’ म्हणून लटकी चिडायचे. पण खरं सांगते, श्रावण लागला की माझा खांदा वाट पाहायला लागायचा.

आणि मग अनिकेत आला. आत्याचा मुलगा, पुण्याचा. माझ्याच वयाचा. कॉलेजात त्याचं वर्ष गेलं, घरात रोज वाद व्हायला लागले, म्हणून आत्यानं त्याला काही महिने भावाकडे धाडलं. शेगावला गाडीतून उतरून तो कचोऱ्यांचा पुडा, पाठीवर सॅक आणि काखेत एक खोकं घेऊन आमच्या ओट्यावर उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आला असेल चार दिवसांसाठी. तो नकचढा असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण मेला गुणी निघाला. आईच्या हातची कळण्याची भाकर त्यानं मागून मागून खाल्ली, विहिरीवरून पाणी आणलं, शेजारच्या काकूंचा मोबाइल दुरुस्त करून दिला. आठवडा झाला नाही तर सगळी गल्ली ‘अनिकेत, अनिकेत’ करायला लागली. माझं नाव वंदना आहे हे गल्लीला सांगावं लागायचं.

त्याला आमच्या बोलीची भारी मौज. एकदा गिरणीतून दळण आणायला निघताना मी ‘मी दयन आणाले जातो’ म्हणाले तर हा डोळे विस्फारून म्हणाला, ‘वंदू, तू मुलगी ना? मग जाते म्हण की.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे बाया बी जातोच म्हणतेत. तुले काय करा लागते?’ तो हसला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच वऱ्हाडी बोलायला लागला, आणि काय भयंकर बोलायचा! ‘मामा, मले भूक लागून राह्यलो.’ बाबा पक्कड खाली ठेवून हसले. खदखदून. मी जन्मापासून हीच भाषा अचूक बोलत होते, त्यांना कधी हसू आलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

त्या खोक्यात त्याची गाडी होती, म्हणजे गाडीचे सुटे भाग. रिमोटवर चालणारी, पण पळणारी नव्हे, दगडांवर चढणारी. त्यानं बाबांना मोबाइलवर दाखवलं: गुडघाभर उंचीच्या खडकावर एक वीतभर गाडी हळूहळू, चाचपत, एकेक चाक ठेवत चढते आहे. बाबा गिऱ्हाइकाला ओट्यावर तसंच बसवून ते बघत राहिले. ‘याले म्हंतेत काय?’ त्यांनी विचारलं. ‘क्रॉलर, मामा. म्हणजे रांगणारी.’ ‘रांगणारी?’ बाबांचा चेहराच बदलला. ‘म्हंजे लेकरूच हाय हे.’ झालं. त्या दिवसापासून गाडीचं नाव लेकरू पडलं. ‘लेकराले चार्जिंगले लावलं काय?’ ‘लेकराच्या चाकाले हवा नाई पायजे, स्पंज पायजे.’ मला ते कधी लेकरू म्हणाले असतील तर माझ्या आठवणीआधी.

मग आमच्या दुकानात मोटारी भरणं कमी आणि लेकरू घडवणं जास्त असं सुरू झालं. चौकट, म्हणजे गाडीचा सांगाडा, खिडक्या बसवणाऱ्याकडच्या अल्युमिनियमच्या पट्ट्या कापून केली. चाकांसाठी सायकलची ट्यूब कापली आणि आत जुन्या गादीचा स्पंज भरला. गिअर आणि रिमोट पार्सलनं आले होते, पण पुढच्या चाकांच्या आसाचं घर पार्सलात फुटलेलं निघालं. आस ज्या नळीत बसतो तिला आम्ही आसाचं घर म्हणतो. अनिकेतचं तोंड उतरलं. बाबा उठले. अल्युमिनियमचा एक ठोकळा शोधला, लेथवर चढवला आणि चष्मा कपाळावर ढकलून, श्वास रोखून, दिवसभर ते घर कातत बसले. दोन गिऱ्हाइकं परत गेली. आईनं जेवायला हाका मारल्या, भाकरी थंड झाली, पाटवडीच्या रश्श्यावर साय धरली. मी हँडलपाशी बसून होते. मला त्या दिवशी एकही आकडा मिळाला नाही.

आणि बोलायचे किती! माझा विश्वास बसेना. ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागायचा, तो अनिकेतला आपल्या बैलांच्या गोष्टी सांगत होता. पांढरा बैल कसा चढावावर आधी गुडघा टेकून अंदाज घ्यायचा, मग जोर लावायचा. ‘तुह्या गाडीले बी तसंच शिकव, अन्या. घाई नाई करा लागत.’ त्या पांढऱ्या बैलाचं नाव चांद्या होतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, मला कोणी चांद्या सांगितला नव्हता. अंगाची लाही होणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. आई म्हणाली, ‘पाहुणा हाय वं तो, जाईन चार दिवसानं. काऊन तोंड फुगवून राह्यली?’ मी म्हटलं, ‘मी कुठी फुगवलं? माहं तोंडच तसं हाय.’

गाडी उभी राहिली तेव्हा नवीच अडचण आली. तिची मोटार उधळायची. सपाटीवर सुसाट आणि दगड आला की दम तुटायचा. अनिकेत म्हणाला की आतल्या तारेचे वेढे वाढवले तर वेग कमी होईल आणि जोर वाढेल, त्यानं तसं वाचलंय. बाबांनी मोटार उघडली. आतला गाभा बोराएवढा, तीन दातांचा. बाबांची बोटं विहिरीच्या मोटारींनी घडलेली, जाड. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, तार दोनदा तुटली. मग न बघताच त्यांनी तो गाभा माझ्याकडे सरकवला. ‘तू पाह्य.’ किती दिवसांनी मला काम मिळालं होतं! मी ओट्यावर उजेडात बसले, केसाएवढी बारीक तार घेतली, आणि एकावर एक न चढवता, एकाला एक लावून वेढे घातले. तिन्ही दातांवर सारखे. तारेच्या टोकांना कथलाचे टाके दिले, वार्निश दिलं, उन्हात वाळवलं. असं बारीक काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही फार थोडं केलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पाट्यावर चढली, पाट्यावरून वरवंट्यावर, वरवंट्यावरून सरकीच्या पोत्यावर. हळू, घुं घुं करत, कुठेही न अडखळता. बाबांनी टाळी वाजवली आणि अनिकेतच्या पाठीत धपाटा घातला. ‘वा रे पठ्ठ्या! काय डोस्कं हाय!’ अनिकेत लगेच म्हणाला, ‘मामा, वंदूनं भरली ना मोटार.’ बाबा म्हणाले, ‘हाव हाव,’ आणि खाली वाकून गाडीचं चाक बघायला लागले. तो हावरटासारखं श्रेय घेत नव्हता हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. चोर असता तर ओरडता आलं असतं. हा तर माझंच मला परत देत होता आणि बाबा ते घेऊ देत नव्हते.

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा असतो. नागपूरकडे तो फार मोठा होतो, आमच्याकडे तेवढा नाही; पण तिकडून बदलून आलेल्या एका गुरुजींनी मारुतीच्या मैदानात तो सुरू केला होता. पोरं लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत तोरणाखालून नेतात आणि चांगल्या नंदीला बक्षीस मिळतं. बाबांच्या डोक्यात आलं, आपला नंदी दोरीशिवाय जाईल. लेकराच्या पाठीवर लाकडी नंदी बांधायचा, मैदानाच्या कडेला रस्त्यासाठी टाकलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावरून त्याला चढवून उतरवायचं आणि मग तोरणाखालून न्यायचं. अनिकेत नाचायलाच लागला. आईनं जुन्या शालूच्या काठाची झूल शिवली. घरात लग्न असल्यासारखं वातावरण झालं. नवरदेव कोण ते सांगायला नकोच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपार कलली तशी मी काम नसताना हँडलपाशी जाऊन बसले. ओढणी उजव्या खांद्यावरून जरा बाजूला केली होती. अनिकेत गावात झुलीचे घुंगरू आणायला गेला होता. मला वाटलं, बरंच झालं, आज तरी बाबा माझे एकटीचे. आत आईनं तूप कढवलं, हळदीचा चुर्र आवाज आला, वास पडद्यातून बाहेर आला. बाबा पळसाची पानं आणि वाटी घेऊन आले. मी मान दुसरीकडे वळवून बसले, दरवर्षीसारखी, जशी काही मला फिकीरच नाही. पावलं आली आणि माझ्यामागून पुढे गेली. मी वळून पाहिलं. कोपऱ्यात पाटावर लेकरू ठेवलं होतं, पुढे चार बोटांची रांगोळी. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले, पळसाचं पान तुपात बुडवलं आणि त्यांनी स्वतः कातलेल्या त्या आसाच्या घराला, दोन्ही टोकांना, हळू हळू चोळायला लागले. मग चाकांना. मग हात जोडले. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

माझ्या तोंडून निघालं, ‘बाबा, रबराले तूप लावतेत काय? घसरन ना ते दगडावरून.’ बाबा मागे न बघता म्हणाले, ‘पोया हाय उद्या. लेकराले कोरड्या खांद्यानं ठेवाव काय?’ वाटीत थोडं उरलं होतं. मी अजून ओढणी सावरली नव्हती. ते उरलेलं त्यांनी मागच्या चाकांना लावलं, वाटी पानानं पुसली, झूल पांघरली आणि उठून हात धुवायला गेले. मी तिथेच बसून राहिले. मला रडू आलं नाही. मोटार जळते तेव्हा आधी नुसता वास येतो, धूर मागून. तसं काहीतरी झालं होतं.

अनिकेत आल्यावर मी त्याला सरळ सांगितलं, ‘तुह्या गाडीच्या चाकाले तूप चोपडलं हाय बाबानं. पुसून घे.’ त्यानं झूल उचलून पाहिली. पुन्हा नीट पांघरली. मग म्हणाला, ‘असू दे गं. मामांनी किती मायेनं लावलंय. मी पुसताना त्यांनी पाहिलं तर काय वाटेल त्यांना?’ म्हणजे बघा! माझ्या बापाचं मन कसं जपायचं हे आता हा पुणेकर मला शिकवणार. मी म्हटलं, ‘मग उद्या चालवून तं पाह्य.’ पण पोळ्याच्या दिवशी बाबांनी गाडीला हात लावू दिला नाही. ‘आज बैलाले जुपत नसतेत,’ म्हणाले. बैलाचा मान घेऊन गाडी दिवसभर देवाजवळ बसून राहिली आणि तिच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला गेला. मी पोळी खाल्ली, पण मला ती गोड लागली नाही.

तान्ह्या पोळ्याला मैदान भरलं होतं. आंब्याच्या पानांचं तोरण, नंदी घेऊन आलेली पोरं, पुंग्या, आणि माइकवर गुरुजी. अनिकेतनं झूल काढली, नंदी बांधला आणि लेकरू दगडांच्या ढिगापाशी ठेवलं. बाबा नवीन टोपी घालून अगदी पुढे उभे होते, माइकच्या शेजारी. गाडी निघाली. पुढचं चाक पहिल्या काळ्या दगडावर चढलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. घुं घुं, घुं घुं. धूळ तुपाला चिकटून चाकांवर गारा झाला. गाडी घसरून मागे आली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली, आणि तिसऱ्यांदा नंदी आडवा झाला. पोट्टे ओरडले, ‘धक्का मारा बे, धक्का मारा!’ सगळं मैदान हसलं. बाबा तिथूनच वळले आणि गर्दीत माझ्याकडे बघून म्हणाले, ‘काय वं, वेढे कमी पडले काय तुह्ये?’

माइक त्यांच्या तोंडाशीच होता. ते वाक्य मैदानभर गेलं, बहुतेक तिकडे बसस्टँडपर्यंत गेलं असेल. गाडी चढली तेव्हा डोकं अनिकेतचं, आणि घसरली तेव्हा वेढे माझे! मी अनिकेतकडे पाहिलं. त्याला खरं कारण माहीत होतं. तो माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होता की सांगू नको. का नको सांगू? माझ्या हातच्या कामाला भर मैदानात खोट लागली होती. मी पुढे झाले आणि म्हणाले, ‘वेढे बराबर हायेत. तुमीच तूप चोपडलं चाकाले!’ माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं. आणि मग जे हसू फुटलं ते आधीच्या हसण्यासारखं नव्हतं. ‘भाऊ, पुरणपोयी बी चारली काय गाडीले?’ कोणीतरी ओरडलं. बाबा हसल्यासारखं करायला गेले, पण ते जमलं नाही त्यांना.

मी कोणाची वाट पाहिली नाही. शेजारच्या मोटारसायकलची नळी ओढली, ओढणीचं टोक पेट्रोलमध्ये भिजवलं आणि चारही चाकं खसाखसा पुसली. आसाच्या घराला लागलेलं तूप मात्र सांध्यातून आत गेलं होतं, ते निघालं नाही. नंदी सरळ केला. अनिकेतनं रिमोट माझ्यापुढे धरला, ‘तू चालव.’ मला कुठे येत होतं चालवायला! सगळे महिने मी लांबूनच तर पाहिलं होतं. ‘तूच चालव,’ मी म्हटलं. गाडी दगडावर चढली. थांबली, अंदाज घेतल्यासारखी डुलली, आणि दुसऱ्या दगडावर चढली. त्या घुं घुं आवाजातला एकेक वेढा माझा होता. ढिगाच्या माथ्यावर गेली, पलीकडे उतरली, तोरणाखालून गेली, आणि लोकांनी अनिकेतला उचलून घेतलं. बक्षिसाचा स्टीलचा डबा त्याच्या हातात होता. मी बाबांना शोधलं. ते गर्दीत नव्हते. मैदानाच्या टोकाच्या नळावर वाकून ते हात धूत होते, माती लावून लावून, जसे काही हात अजून तुपकट होते.

दिवाळीच्या आधी अनिकेत पुण्याला परत गेला. शेगाव स्टेशनवर सोडायला बाबा आणि मी गेलो. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. लेकराचं खोकं बाबांनी स्वतः खांद्यावर घेतलं होतं, उजव्या खांद्यावर, आणि आगगाडी सुटायची वेळ होईपर्यंत खाली ठेवलं नाही. डब्याच्या दारातून खोकं आत देताना त्यांचे डोळे भरले. मी बाजूला उभी राहून फलाटावरचं घड्याळ बघत होते.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आईनं तूप कढवून वाटी पडद्याशी आणली. मी हँडलपाशी होते. बाबा म्हणाले, ‘ठेव आत. घरात बैल हाय कुठी आता?’ आई म्हणाली, ‘अन् पोरीचा खांदा?’ बाबा मोटारीतून जळकी तार उपसत होते. ‘मोठी झाली ते,’ म्हणाले. ते तूप आईनं रात्री वरणावर वाढलं. त्यानंतर पुन्हा कधी आमच्या घरात खांदशेकणी झाली नाही. लोक मला म्हणतात, तेव्हा मैदानात गप्प राहिली असतीस तर? पण वेढे बरोबर होते. ते मी आजही सांगते.

बाबा गेले त्यालाही आता बराच काळ झाला. दुकान मी चालवते. पाटीवर नाव त्यांचंच आहे, नियमही त्यांचेच. परवा शटरसमोर एक मोठी गाडी थांबली आणि डोक्यावर केस न उरलेला माणूस खोकं काखेत घेऊन उतरला. ‘वंदू, लेकरू चालून नाही राह्यलो.’ अनिकेत! बायकोला शेगावी दर्शनाच्या रांगेत सोडून तो मला शोधत आला होता. इतकी वर्षं त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ते लेकरू होतं म्हणे. मी चष्मा लावला आणि मोटार उघडली. वेढे शाबूत होते. एकही हललेला नाही, वार्निशसुद्धा चकचकीत. दोष आत वीज पोहोचवणाऱ्या ब्रशचा होता, तो बदलला. मग सहज म्हणून पुढच्या आसाचं घर खोललं, आणि माझा हात थांबला. सांध्याच्या आत, जिथे पेट्रोलची ओढणी पोहोचली नव्हती तिथे, पिवळं जर्द होतं. तूप मेणासारखं घट्ट झालं होतं, पण हळद तशीच होती. माझ्या खांद्याची हळद तर दर वर्षी दुसऱ्याच दिवशी आंघोळीत जायची.

‘ते काय गं, गंज?’ अनिकेतनं विचारलं. ‘हाव, गंज,’ मी म्हटलं. अल्युमिनियमला पिवळा गंज चढत नाही, हे त्याला कळायला हवं होतं. ‘हे घर बदला लागन.’ तो गावात जुन्या ओळखी काढून, कचोरी खाऊन दुपार कलता येईपर्यंत मी बाबांच्या लेथवर नवं घर कातलं, जुन्याच्या मापाला माप. गाडी पाट्यावर चढवून दाखवली. तो खूश झाला, लहान पोरासारखा हसला. निघताना मात्र त्यानं हात पुढे केला. ‘जुनं दे ना. मामा परत द्यायचे की नेहमी. आणि त्यांच्या हातचं आहे ते.’

‘भंगारात गेलं,’ मी म्हटलं. त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. मग ‘बरं’ म्हणाला आणि खोकं उचलून गेला. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं, गल्ल्यातून ते जुनं घर काढलं आणि टाके द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापवून तिच्या टोकाशी जरा वेळ धरून शेकलं. तूप मऊ झालं. बोटाला थोडं पिवळं आलं, ते मी ओढणी बाजूला करून उजव्या खांद्याला लावलं. ‘आज आवतन घ्या’ म्हणायला मात्र घरात कोणी नव्हतं.